पाटीवर हातमाग, गठ्ठ्यात यंत्रमाग: सोलापूरच्या एका प्रदर्शनातलं प्रकरण

शनिवारी दुपारी एका महिला बचत गटाच्या स्टॉलवर चादरींचा ढीग लागला होता आणि मागे कापडी फलक होता: ‘हातमागाच्या सोलापुरी चादरी, थेट विणकरांकडून’. फलकावरच्या दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. चादरी यंत्रमागाच्या होत्या आणि बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून उधारीवर उचललेल्या होत्या. हे सगळ्यांत आधी ध्यानात आलं ते फाटकापाशी पिशव्या वाटायला उभ्या केलेल्या एका स्वयंसेविकेच्या, बी. कॉम.ला असलेल्या मुलीच्या.

प्रदर्शन होतं शाश्वत जीवनशैली आणि न्याय्य व्यापाराचं (म्हणजे वस्तू करणाऱ्याला रास्त मोबदला मिळेल अशा व्यवहाराचं), विजापूर रोडच्या बाजूला एका मंगल कार्यालयात आणि त्याच्या पटांगणात, शनिवार-रविवार. मी स्वयंसेवकांच्या नेमणुकीत मदत करत होते. तिथे जे घडलं ते अशी प्रदर्शनं भरवणाऱ्यांच्या कामी येईल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माणसांची आणि गटांची नावं गाळली आहेत. त्यांच्यावाचून काही अडत नाही.

गाव आणि धंदा

सोलापुरात कापड समजणाऱ्या माणसांची वाण नाही. 1870च्या दशकात इथे जुनी मिल उभी राहिली, मागोमाग इतर गिरण्या आल्या. तेलंगणाकडून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हातमाग आणले, त्यांच्या पुढच्या पिढ्या यंत्रमागावर गेल्या. गिरण्या बंद पडल्या, माग राहिले. साखर पेठ, अशोक चौक, नीलम नगर, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, कुठेही जा, खटखट ऐकू येते. यातल्या कितीतरी घरांत पुरुष लूमवर आणि बाई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली, अशी कमाईची वाटणी असते.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोघांना भौगोलिक मानांकन आहे, तेही महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या मानांकनांपैकी. पण बाहेरच्या माणसाचा इथे एक गोंधळ होतो. चादर अस्सल सोलापुरी असायला ती हातमागाची असावी लागत नाही. आज बाजारात मिळणारी जकार्डची (विणीतच नक्षी असलेली) जाड चादर यंत्रमागावरच विणली जाते, आणि त्यात कमीपणा काही नाही. हातमाग आता फार थोडे उरलेत. उलट बाहेरगावच्या मालावर ‘सोलापुरी’ छापून तो खपवला जातो, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

तारखेबद्दलही सांगायला हवं. जागतिक न्याय्य व्यापार दिन मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना पटांगणात मांडव घालून लोकांना ‘पृथ्वी वाचवा’ म्हणायचं, तर आधी स्टॉलवरच्या बायकांना वाचवावं लागेल. आयोजकांनी तो हट्ट धरला नाही. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली, होम मैदानावरचे पाळणे उतरले, की मग फेब्रुवारीत प्रदर्शन, असं ठरलं. हा निर्णय त्यांनी चांगला घेतला.

स्वयंसेवक बहुतेक महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतले (एन.एस.एस.). या योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास समाजकार्य करायचं असतं, त्यामुळे संख्येची अडचण नसते. अडचण असते ती कामाच्या यादीत. यादी अशी होती: स्वागत, पिशव्या वाटप, पार्किंग, सेल्फीची चौकट, पाणी, कचरा, मंच. स्टॉलसाठी कुणीच नाही. स्टॉल म्हणजे स्टॉलवाल्याचं काम, असं गृहीत धरलेलं. कुणी कुठे उभं राहायचं ते रजिस्टरमधल्या नावांच्या क्रमानं ठरलं. पिशव्या वाटणाऱ्या मुलीचे आजोबा हातमागावर बसायचे, वडील यंत्रमागावर आहेत आणि आई विड्या वळते, हे त्या रजिस्टरला कुठून कळणार?

काय घडलं

जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी मांडवात फिरून आली. चादरीच्या स्टॉलवर थांबली, एक चादर उलगडली, काठ बोटांत धरून पाहिला आणि काही न बोलता परत आली. तिच्या गटप्रमुख मुलाला तिनं सांगितलं, त्यानं मला. मी तिला विचारलं, कशावरून म्हणतेस?

तिचं उत्तर मला अजून जसंच्या तसं आठवतं. “मॅडम, चादर जाड असती, उजेडासमोर धरून काय कळत नाही. काठ बघायचा. हातमागावर कापड ताणून धरायला पट्टी लावतात, ती विणकर हातानं सरकवतो. त्याच्या टाचण्यांची भोकं अंतरावर दिसतात. ह्याच्यात सलग आहेत. आणि ते राहू द्या, दर बघा की. ह्या दरात एवढी मोठी हातमागाची चादर कोण देईल?”

दराचा मुद्दा निर्णायक होता. पातळ कापडात आणखी एक खूण मिळते: हातमागावर फणीचा ठोका माणसाच्या हाताचा असतो, काम थांबून पुन्हा सुरू झालं की तिथे वीण किंचित दाट किंवा विरळ होते आणि उजेडात पट्टा दिसतो. पण कापडाच्या खुणांवर तज्ज्ञही वाद घालतात. दरावर वाद होत नाही.

ती स्टॉलवर जाऊन काही बोलली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. स्टॉलवरच्या मावशींना चारचौघांत खोटं पाडलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. मी आणि आयोजकांपैकी एक मॅडम, अशा दोघी स्टॉलवर गेलो आणि मावशींना चहाला म्हणून बाजूला घेतलं.

मावशी क्षणभरही लपवाछपवी करेनात. चादरी व्यापाऱ्याकडच्या, न खपलेला माल परत घेण्याच्या बोलीवर आणलेल्या. गट स्वतः टॉवेलच्या कडा शिवायचं आणि घडी घालायचं काम करतो, विणत कुणीच नाही. मग फलकावर हातमाग कसं आलं? “तुमच्याच फॉर्मवर होतं की ओ. चार चौकोन होते. आमचं त्यात कुठंच बसंना, मग पोरीनं पहिल्या चौकोनात खूण केली.”

फॉर्म काढून पाहिला. चार पर्याय: हातमाग, हस्तकला, सेंद्रिय, पुनर्वापर. यंत्रमाग असा चौकोनच नाही. ज्या शहराचं पोट यंत्रमागावर चालतं तिथल्या प्रदर्शनाच्या फॉर्मवर यंत्रमागाला जागा नव्हती, कारण फॉर्म दुसऱ्या शहरातल्या एका प्रदर्शनाचा उचलून नाव बदललेला होता. आणि ‘थेट विणकरांकडून’? फलक छापणाऱ्याला दिलेल्या नमुन्यातच ‘थेट उत्पादकांकडून’ अशी ओळ होती. चादर म्हटल्यावर त्यानं उत्पादकाच्या जागी विणकर घातला. ती ओळ बांबूच्या ब्रशवाल्याच्या फलकावरही होती, आणि बांबूचा ब्रश काही सोलापुरात उगवत नाही.

म्हणजे लबाडी मावशींची नव्हतीच. कागद तयार करणाऱ्यांनी ती आधीच छापून ठेवली होती. मावशींनी फक्त खाली अंगठा केला.

तीन वाटा

संध्याकाळी आयोजकांची घाईची बैठक झाली. मी त्या मुलीलाही बसवून घेतलं, काहींना ते रुचलं नाही.

एक मत असं की स्टॉल उठवा. न्याय्य व्यापाराच्या मांडवात बाजारचा माल कशाला? ऐकायला हे सोवळं वाटतं. पण उठवल्यावर व्यापाऱ्याचं काही जाणार नव्हतं; त्याचा माल त्याच्या गोदामात परत. जाणार होतं ते गटाचं स्टॉलभाडं आणि बायकांचे दोन दिवस. जिच्यासाठी प्रदर्शन भरवलं तिलाच दंड.

दुसरं मत अगदी उलट: एवढं कोण बघतंय, उद्या संध्याकाळी सगळं संपतंय. हे बोलणारे गृहस्थ मनानं वाईट नाहीत, त्यांना गटाची कणव होती. पण सकाळपासून हातमागाची समजून चादर नेलेल्या गिऱ्हाइकाचं काय? 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत ही दिशाभूल करणारी जाहिरात होते. कायदा बाजूला ठेवला तरी खरा हातमाग चालवणारा उरलासुरला विणकर याच फलकामुळे मरतो. त्याची चादर महाग का, हे गिऱ्हाइकाला सांगायची सोयच उरत नाही, कारण शेजारी ‘हातमागाची’ चादर निम्म्या दरात पडलेली असते.

तिसरी वाट त्या मुलीनं सुचवली, तीही वैतागून: “खरं आहे ते लिहा ना फलकावर. यंत्रमागाची आहे म्हणा. आमच्या घरात तेच विणतात. त्यात लाजायचं काय?”

ही वाट मान्य झाली, पण मावशी अडल्या. एकट्या त्यांच्याच स्टॉलवर ‘बाजारातून आणलेली’ असं लिहिलं तर बाकीचे सगळे आपोआप साव ठरणार. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मग ठरलं की रात्रीतून सगळ्याच स्टॉलवर एकसारखी पाटी लावायची. पाच ओळी: वस्तू कुणी केली, कुठे केली, कशावर किंवा कशी केली, विकणाऱ्यानं ती कुणाकडून आणि कोणत्या बोलीवर घेतली, आणि करणाऱ्याला मजुरी किती पडली. ज्याला जे सांगता येत नाही तिथे कोरी रेघ. छपाई नाही, जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर मार्करनं.

फेरी

शनिवारी संध्याकाळी स्वयंसेवक जोड्या करून स्टॉलोस्टॉली फिरले. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. जोड्या लावताना या वेळी ते पाहिलं. कापडाच्या स्टॉलवर तेलुगू बोलणारी मुलं, अक्कलकोटकडून आलेल्या गुळाच्या स्टॉलवर कन्नड येणारा मुलगा. ज्या प्रश्नांना मराठीत ‘माहीत नाही’ असं उत्तर मिळत होतं, त्यांनाच घरच्या भाषेत अर्धा तास उत्तरं मिळाली.

सगळ्यांत चोख हिशेब शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या बायकांकडे निघाला. शेंगदाणे कुठल्या अडतीवरून, कुटायला किती वेळ, किती किलोला किती बायका, रोज किती पडतो, सगळं तोंडपाठ. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली चटणी कागदात बांधता येत नाही, तेल कागदातून बाहेर येतं, त्यामुळे प्लास्टिकची पिशवी लागतेच, हेही त्यांनी न लाजता सांगितलं. प्लास्टिकमुक्त प्रदर्शनाच्या नियमावलीत हे बसत नव्हतं. एका स्वयंसेवकानं काचेच्या बरण्या सुचवल्या; मावशींनी बरणीचा दर विचारला आणि विषय मिटला. शेवटी घरून डबा आणणाऱ्याला चटणी थोडी जास्त, असा तोडगा निघाला. कडक भाकरीला तर वेष्टनाची फारशी गरजच नसते. ती आठवडेच्या आठवडे टिकते, भाजायला एकदाच सरपण लागतं आणि मोडली तरी आमटीत जाते. शाश्वत जीवनशैलीचं व्याख्यान चालू होतं त्या मंचापासून वीस पावलांवर ही भाकरी होती आणि व्याख्यात्यांनी उदाहरणं दिली ती परदेशातल्या दुकानांची.

मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्या शेतकऱ्यानं पाचही ओळी स्वतःच लिहिल्या. मालदांडी वाणाची, रब्बीची, काळ्या रानात जिरलेल्या ओलीवर आलेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो कागद त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणला होता. शेवटच्या ओळीवर मात्र ते अडखळले. काढणीच्या बायकांची मजुरी लिहिली, घरच्यांच्या कामाची रेघ कोरी सोडली. “घरच्याला कोण मजुरी देतंय?” म्हणाले. कोऱ्या रेघेचा हा अर्थ आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हता.

सेंद्रिय गुळाच्या फलकावर ‘प्रमाणित’ लिहिलेलं होतं. प्रमाणपत्र मागितल्यावर गावातल्या शेतकऱ्यांच्या गटाचं नाव मिळालं. गटानं एकमेकांची शेतं तपासून हमी द्यायची, ही सहभाग हमी पद्धत आपल्याकडे सरकारमान्य आहे आणि लहान शेतकऱ्याला परवडणारी आहे. पण नुसता गट असून भागत नाही, त्याची नोंदणी आणि तपासणीचे कागद लागतात. तेव्हा ‘प्रमाणित’ शब्द पुसला आणि ‘फवारणी केलेली नाही, असं आम्ही सांगतो’ असं आलं. माझ्या मते हे वाक्य जास्त भरवशाचं आहे.

बांबूच्या ब्रशवाल्याच्या पाटीवर चार रेघा कोऱ्या राहिल्या.

आणि टॉवेलचा कारखानदार. स्वतःचे माग, स्वतःचा माल, त्यामुळे ‘थेट उत्पादकांकडून’ हे त्याच्या बाबतीत अक्षरशः खरं. सूत, रंगणी, कांडी, वीज, शिलाई, गाडीभाडं, सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. मजुरीपाशी थांबला. “पीस रेटवर असतंय. कमीजास्त होतंय.” किती ते नाही.

कोणतं चिन्ह काय बोलतं

त्या रात्री पुठ्ठे रंगवताना मुलांचे जे प्रश्न आले त्यांतून एक गोष्ट उघडी पडली. प्रदर्शनात दिसणाऱ्या निरनिराळ्या चिन्हांना लोक एकच समजतात. भौगोलिक मानांकन ठिकाण सांगतं; विणणाऱ्याला काय मिळालं याबद्दल ते गप्प असतं. 2006 साली आलेला हातमाग मार्क विणण्याची रीत सांगतो. कापसावरचं आंतरराष्ट्रीय फेअरट्रेडचं चिन्ह मुळात कापूस पिकवणाऱ्याला मिळणाऱ्या किमान भावाशी आणि वरच्या अधिमूल्याशी बांधलेलं आहे. त्या कापसाचं पुढे कुणाच्या मागावर काय झालं ते निराळं प्रकरण. जागतिक न्याय्य व्यापार संघटनेची हमी एखाद्या वस्तूला मिळत नाही, ती संबंध संस्थेचा कारभार दहा तत्त्वांवर तपासून मिळते. आमच्या प्रदर्शनात ही शेवटची हमी असलेला एकही स्टॉल नव्हता. मांडवाच्या नावात मात्र न्याय्य व्यापार होता.

त्या दहा तत्त्वांतलं एक मुलांना फार लागलं. हस्तकलेचा माल घेणाऱ्यानं, उत्पादकानं मागितल्यास, निम्मी रक्कम तरी बिनव्याजी आगाऊ द्यावी, असं त्यात आहे. सोलापूरच्या बाजारात याच्या नेमकं उलट चालतं. माल आधी जातो, पैसे खपल्यावर, आणि तोवर सुताची उधारी विणणाऱ्याच्या डोक्यावर. बचत गटाच्या मावशी ‘न खपलेला परत’ या बोलीवर चादरी आणतात तेव्हा त्यांची जोखीम कमी होते खरी; ती जोखीम व्यापारी पुढे ढकलतो आणि शेवटी ती लूमवर येऊन बसते. पाटीवरची चौथी ओळ, ‘कोणत्या बोलीवर’, यासाठीच होती. ती सुचवली होती वाणिज्य शाखेच्या मुलांनी, समाजकार्याच्या नव्हे.

चिन्हं नसलेल्या अशा प्रदर्शनात गिऱ्हाईक हमी कुणाकडे मागतं? गळ्यात ओळखपत्र असलेल्या पहिल्या पोराकडे. “हे खरंच हातमागाचं आहे का रे?” या प्रश्नावर शनिवारी मुलं सांगत होती, “हो काका, बोर्डवर लिहिलंय ना.” प्रमाणपत्र नसेल तिथे स्वयंसेवकाचं तोंड हेच प्रमाणपत्र असतं, आणि त्याला आपण पिशव्या वाटायला उभं करतो.

रविवार

सकाळी नेमणुका बदलल्या. पिशव्या फाटकापाशी टेबलावर ठेवल्या, शेजारी अनामत टाकायला डबा. कुणी वाटेना म्हणून काही बिघडलं नाही. सेल्फीची चौकट काढली नाही, पुरस्कर्त्याचं नाव तिच्यावर होतं. मोकळी झालेली मुलं स्टॉलवर गेली. त्यांना सूचना एकच: पाटीवर आहे तेवढंच सांगायचं, विकायला मदत करायची नाही, आणि कोरी रेघ दिसली तर ती झाकायची नाही.

शनिवारी चादर नेलेल्यांसाठी ध्वनिक्षेपकावर खुलासा झाला: हातमागाची समजून घेतली असेल तर परत करा, पैसे मिळतील. ज्या बाई परत करायला आल्या त्यांनी पैसे घेतले आणि शेजारच्या स्टॉलवरून घोंगडी नेली. एक निवृत्त गिरणी कामगार मात्र मुद्दाम सांगायला आले की मला कालच ठाऊक होतं, दर यंत्रमागाचाच होता, फलकाकडे कोण बघतं! त्यांनी दुसरी चादर घेतली. चादरींची विक्री एकंदरीत शनिवारपेक्षा कमी झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. आयोजकांपैकी एकानं ते बोलून दाखवलं आणि मावशींनी त्याला गप्प केलं: “काल तुमच्या फलकावर विकलं, आज माझ्या तोंडावर विकायलाय.”

कोऱ्या रेघा लोक वाचत होते. मला वाटलं होतं की भरलेल्या ओळी वाचतील. पण टॉवेलच्या पाटीसमोर थांबून माणसं एकमेकांत बोलत, ‘पीस रेट किती चालू आहे सध्या’ म्हणून. सोलापुरात हा प्रश्न विचारणाऱ्यांत निम्मे लोक स्वतः कधी ना कधी लूमवर उभे राहिलेले असतात. दुपारपर्यंत तो कारखानदार वैतागला, पण स्टॉल सोडून गेला नाही.

स्वयंसेवकांचं आपलं काय

एक बाजू अशा लेखनात सहसा येत नाही. शनिवारी सकाळी टेम्पोतून टेबलं-खुर्च्या उतरवायला हमाल सांगितलेच नव्हते, एन.एस.एस.ची पोरं आहेत म्हणून. हमालांच्या हक्कांसाठी केलेल्या 1969च्या माथाडी कायद्याच्या राज्यात, न्याय्य व्यापाराच्या नावानं, हमालाची मजुरी फुकटच्या श्रमानं वाचवली गेली. झाडू मारणं, कचरा वेगळा करणं, लोकांना समजावणं हे मुलांनी आनंदानं करावं. पण ज्या कामाचे या गावात कुणाला तरी पैसे मिळतात ते काम स्वयंसेवकाकडून करून घेणं म्हणजे त्या कुणाचा तरी रोज बुडवणं आहे. यावर माझं आणि आयोजकांचं अजूनही एकमत नाही. त्यांचं म्हणणं, बजेट नव्हतं. मंचाच्या फुलांना होतं.

दुसरं, दोन दिवस फुकट देणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. विडी घरकुलातून (विडी कामगारांच्या वसाहतीतून) येणाऱ्या मुलीला रिक्षाभाडं पदरचं, आणि ती घरी असती तर आईला पानं कातरून दिली असती. जेवण आणि प्रवासखर्च आधीच्या दिवशी हातात द्यायला हवा. ‘बिल जोडा, मग बघू’ हे त्या घरात चालत नाही.

कचऱ्याचं काम मात्र नमुनेदार झालं, आणि त्याचं श्रेय एका वादाला आहे. ठरलं होतं स्टीलची ताटं, कारण तीच शाश्वत. पण सोलापूरला नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. शेकडो ताटं धुवायचा टँकर मागवायचा, तर त्यात कसली बचत? शेवटी पत्रावळी आल्या, त्या ओल्या कचऱ्याबरोबर खतात गेल्या, आणि स्टीलचे फक्त पेले राहिले. तेव्हा लागू असलेल्या 2016च्या घनकचरा नियमांप्रमाणे शंभरावर माणसं जमणार असतील तर पालिकेला तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागत होतं आणि कचरा जागेवरच वेगळा करावा लागत होता. ते केलेलं होतं. डब्यांपाशी उभ्या असलेल्या मुलांना कुठल्या स्टॉलवरून काय वाया जातं याची जी माहिती झाली, ती समितीला झाली नाही.

पुढे

फॉर्म बदलला आहे. त्यात यंत्रमाग आहे, जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं केलेलं काम) आहे, ‘बाजारातून घेऊन विकतो’ असाही चौकोन आहे, आणि तो चौकोन निवडणाऱ्याचं भाडं वाढवायचं नाही असं ठरलं आहे. फलकांच्या नमुन्यातून ‘थेट’ ही ओळ गेली. स्वयंसेवकांच्या अर्जात भाषा कोणत्या येतात आणि घरी कोणता धंदा आहे हे विचारलं जाईल. दुसरा प्रश्न ऐच्छिक, कारण विडीचं नाव लिहायला सगळ्यांनाच आवडतं असं नाही. कापडाचे स्टॉल घेणाऱ्यांच्या कारखान्यात प्रदर्शनाच्या आधी दोन स्वयंसेवक जाऊन येतील. त्या मुलीनं या कामाला होकार दिला आहे, एका अटीवर: वडील काम करतात त्या कारखान्यात तिला पाठवायचं नाही.

बचत गटानं पुढच्या खेपेला चादरी आणायच्या नाहीत असं ठरवलंय. त्याऐवजी टॉवेलच्या शिलाई-घडीचं स्वतःचं काम दाखवणार, आणि त्याचा नगामागचा दर पाटीवर लिहिणार. दर लिहिला की काम देणारा व्यापारी रागावेल का, यावर गटात दोन तट आहेत.

मजुरीची पाचवी ओळ सक्तीची करायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही. टॉवेलच्या कारखानदाराचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. तो म्हणतो, मी एकट्यानं आकडा लिहिला तर चांगला असेल तर शेजारच्या कारखान्याचे कामगार मालकाशी भांडतील आणि तो माझ्याशी; कमी असेल तर माझेच कामगार भांडतील. सगळ्यांनी एकदम लिहिलं तर माझी हरकत नाही. समितीत काहींना वाटतं की न सांगणाऱ्याच्या पाटीवर कोऱ्या रेघेऐवजी ‘मजुरी सांगितलेली नाही’ असं स्पष्ट छापावं. तसं झालं तर आपण स्टॉल घेणार नाही, असं दोघा कारखानदारांनी कळवलं आहे. कापडाचे स्टॉलच मुळात मोजके, त्यांतले दोन गेले तर सोलापूरच्या प्रदर्शनात कापड किती उरेल हा प्रश्न आहे. माझं मत छापण्याच्या बाजूनं आहे. बैठक दिवाळीनंतर आहे.